दुपारी तीनची रात्र

सर्व्हरच्या घड्याळात मी दुपारच्या तीनऐवजी रात्रीचे तीन लावले. एवढीच चूक. हात चुकला म्हणावं तर तसंही नाही. हात बरोबर चालला, डोकं जागेवर नव्हतं. त्या तीनमुळे आमच्या कॉलेजचा शिपाई रामधन दिवसभर पोलीस ठाण्याच्या बाकावर बसला, आणि ज्यांना तिथं बसवायला हवं होतं त्यांनी त्याच दिवशी स्टाफरूममध्ये पोहे खाल्ले. पोहे मीही खाल्ले. लिंबूसुद्धा मागून घेतलं.

या प्रकरणाची आठवण निघाली की मला अजून संताप येतो, आणि संताप आला की सर आठवतात. कारण संताप कसा करायचा हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. फक्त तो वेळेवर करायचं शिकायचं राहून गेलं.

सर आमच्या कॉलेजात संगणक शिकवायला आणि संगणक सांभाळायला होते. दोन हजार सालानंतरची गोष्ट. हिंगोली जिल्हा होऊन थोडेच दिवस झाले होते आणि प्रत्येक संस्थेला आपल्याकडे एक संगणक कक्ष असावा असं वाटू लागलं होतं. आमच्या संस्थेनं जुन्या सामान ठेवायच्या खोलीला चुना मारला, एक कूलर बसवला आणि दारावर पाटी लावली. त्या खोलीत सर्व्हर, सर आणि मी. माझं पद संगणक सहायक. सर मात्र मला ‘मालक’ म्हणायचे, कारण सर्व्हरवरचे सगळे अधिकार ज्या खात्याला होते ते माझ्या नावानं उघडलेलं होतं. हा मान मला कोणी दिला नव्हता. मशीन बसवायला आलेल्या माणसानं समोर जो उभा होता त्याचं नाव टाकलं, आणि समोर मी उभा होतो.

सर उंचीनं बेताचे, आवाजानं अवाढव्य. बारा महिने अर्ध्या बाह्यांचा स्वेटर. डबा उभ्यानं खायचे, भाकरीवर ठेचा ठेवून, खिडकीकडे तोंड करून. कोणी बसा म्हटलं तर म्हणायचे, “बसल्यावर मानूस हो म्हणायला लागतो.” खोलीत चप्पल घालून यायला बंदी. एकदा संस्थेचे सचिव पाहुण्यांना संगणक दाखवायला घेऊन आले, तर सरांनी त्यांनाही दाराबाहेर पायातलं काढायला लावलं. पाहुणे बाहेर येईपर्यंत कुत्र्यानं सचिवांचा एक जोडा मैदानात नेऊन ठेवला होता. सचिव एका पायानं उड्या मारत मैदानात गेले ते साऱ्या कॉलेजनं पाहिलं. सर म्हणाले, “नियम सगळ्यांना बराबर पाहिजे.” सचिव तेव्हा हसले. अशी माणसं हसतात तेव्हा ती काहीतरी लक्षात ठेवत असतात, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

सरांची बोली आमच्याच भागातली, ठसठशीत. पण राग आला की ती जायची आणि पुस्तकातली शुद्ध मराठी यायची. ‘काहून करून राहिले तुमी हे?’ असं ते म्हणाले तर समजायचं, सर मजेत आहेत. ‘आपण हे का केलंत?’ म्हणाले, की खोलीतून निघून जावं.

आणि त्यांची मोठी सवय म्हणजे लॉग वाचणं. सर्व्हरवर कोण आलं, कोणत्या नावानं, कोणत्या मशीनवरून, किती वाजता, कोणाचा पासवर्ड चुकला, कोण बाहेर पडलं, ही सगळी नोंद सर्व्हर आपली आपण लिहीत असतो. तिला लॉग म्हणतात. जगात ही नोंद काही बिघडल्याशिवाय कोणी वाचत नाही. सर ती रोज सकाळी चहासोबत वाचायचे, पेपरासारखी, मोठ्यानं आणि टीकाटिप्पणीसह. कॉलेजातल्या मशीनना त्यांनी गावांची नावं दिली होती. प्राचार्यांचं मशीन ‘हिंगोली’, रसायनशास्त्राचं ‘सेनगाव’, परीक्षा विभागाचं ‘डोंगरकडा’. त्यामुळे ते म्हणायचे, “काल डोंगरकड्याहून कोणीच आलं न्हाई. परीक्षा विभाग लग्नाला गेलता काय?” तो खरोखरच लग्नाला गेलेला असायचा.

रसायनशास्त्राच्या बाईंना तर त्यांनी एकदा व्हरांड्यात गाठलं. “बाई, आज सकाळपासून पासवर्ड चुकून राहिला तुमचा. एरवी तुमचा हात सरळ असतो. घरी काई तकलीफ?”

बाई लालबुंद झाल्या. “तुम्हाला काय करायचंय माझ्या घराचं?”

“मला काई न्हाई करायचं. लॉगमधी दिसलं म्हणून विचारलं.”

बाईंच्या घरी त्या दिवशी सासूबाई पडल्या होत्या. संध्याकाळी बाईंनी स्वतः येऊन सांगितलं, आणि तेव्हापासून त्या सरांना घाबरू लागल्या. बऱ्याच जणांना वाटायचं, हा माणूस भिंतीतून बघतो. सर फक्त वाचायचे. तेही ओळीनं. “वळ कधी एकटी वाचायची न्हाई, मालक,” ते मला सांगायचे. “वरच्या आन् खालच्या वळीला विचारायचं, ही कशी हाय म्हणून. सोयरिक जुळवताना शेजारी विचारत न्हाई का, तसं.”

त्यांचं दुसरं वेड घड्याळाचं. कोणी वेळ सांगितली की ते विचारायचे, “कोणाच्या घड्याळात?” याला कारण आमचा सर्व्हर. त्याच्या पोटातली गुंडीएवढी बॅटरी मेली होती. त्यामुळे वीज गेली की सर्व्हर आपली वेळ विसरायचा आणि वीज आल्यावर कुठल्या तरी जुन्या सालात जागा व्हायचा. तेव्हा आमच्याकडे भारनियमन असं होतं की वीज गेली याची नव्हे, आली याची बातमी व्हायची. खोलीतला यूपीएस तर नुसता फुलदाणी ठेवायला राहिला होता. प्रत्येक वेळी वीज आली की सर्व्हरला तारीख आणि वेळ हातानं सांगावी लागायची. बॅटरीसाठी सरांनी संस्थेकडे अर्जावर अर्ज केले. संस्थेनं त्या काळात प्रवेशद्वाराला कमान बांधली. सर कमानीखालून जायचे नाहीत. बाजूच्या तुटक्या कुंपणातून यायचे.

सर तासावर गेलेले असले की वेळ लावायचं काम माझ्याकडे.

त्या दिवशी वीज सकाळी अकराच्या पुढं गेली आणि दुपारी तीनला आली. सर वर्गावर होते. मी मनगटावरच्या घड्याळात बघितलं, तीन वाजून काही मिनिटं. सर्व्हरला तारीख बरोबर सांगितली आणि वेळ सांगितली तीन. यंत्राला दुपारचे तीन हे पंधरा म्हणून सांगावे लागतात. तीन म्हटलं की त्याच्या लेखी रात्र. हे मला माहीत नव्हतं असं नाही. स्टेशनावरचं वेळापत्रकही मला वाचता यायचं. पण कॉलेजसमोरच्या बसस्टँडवरल्या टपरीवर गरम भजी निघायची हीच वेळ होती, आणि माणसाचं लक्ष एका वेळी एकाच ठिकाणी राहतं. मी तीन लावले आणि भजी खायला गेलो.

पुढं सात-आठ दिवसांनी रसायनशास्त्राच्या बाई प्रात्यक्षिकाच्या गुणांची छापील यादी घेऊन प्राचार्यांकडे गेल्या. बाजारातल्या एका बड्या व्यापाऱ्याचा मुलगा, ज्यानं वर्षभरात प्रयोगशाळेचं दार पाहिलं नव्हतं, तो यादीत पहिला होता. बाईंच्या हातच्या कागदावर तो शेवटून पहिला होता. सर्व्हरवर कोणीतरी गुण बदलले होते. सर भज्यांच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे विद्यापीठाच्या कामाला नांदेडला गेलेले, ते अजून परतले नव्हते, त्यामुळे त्या दिवसाचा लॉग कोणी वाचलाच नव्हता. प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं, कोणी बदलले ते निघेल का? मला आयुष्यात प्रथमच कोणीतरी तपास करायला सांगत होतं. मी छाती पुढं काढून म्हणालो, निघेल.

आणि निघालंही. गुण बदलले गेले होते माझ्याच खात्यातून. मी आधी खोलीचं दार लावलं. मग मी लॉगमध्ये माझं नाव शोधलं, नेमकी तेवढीच ओळ काढली आणि वेळ पाहिली. रात्रीचे तीन वाजून वर काही मिनिटं. मला इतकं हायसं वाटलं की मी खुर्चीवर मागं रेललो. रात्री तीनला मी घरी झोपलेला असतो, याला बायको साक्षीदार. ती एकच ओळ मी छापली, खाली लाल रेघ मारली आणि प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली, जणू शाळेतलं पहिलं बक्षीस.

रात्री म्हटल्यावर सगळ्यांच्या डोक्यात एकच नाव आलं. रात्री किल्ल्या रामधनकडे. तो सेनगावकडच्या एका तांड्यावरचा. दिवसा शिपाई, रात्री पहारेकरी, एका पगारात दोन्ही. वर्षानुवर्षं हंगामी होता आणि त्या जूनमध्ये कायम व्हायचा होता. त्याला मशीन चालवता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याचीही सोय झाली. सचिव म्हणाले, व्यापाऱ्याच्या माणसानं याला हाताशी धरलं असेल, यानं दार उघडलं, दुसऱ्या कोणी काम केलं. आणि पुढं म्हणाले, “तांड्यावरची माणसं. रात्रीची सवयच असते यांना.”

खोलीत पाच-सहा शिकलेली माणसं होती. एकानंही ‘असं कसं बोलता?’ म्हटलं नाही. मी तर मान डोलावली. कोणी विचारलं नव्हतं तरी डोलावली.

रामधनला कामावरून काढलं. पोलिसांत तोंडी तक्रार गेली आणि त्याला बोलावून घेतलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो एकच वाक्य बोलत होता: “मी दार उघडलं न्हाई, सायेब.” हे मला ठाण्यातल्या ओळखीच्या हवालदारानं सांगितलं, आणि हसून सांगितलं.

सर नांदेडहून परतले. रामधन दारात नाही, चहा आला नाही, म्हणून त्यांनी मला विचारलं. मी मोठ्या उत्साहानं सगळा तपास सांगितला. लाल रेघेचा कागदही दाखवला. सरांनी तो एकदा वाचला.

“आपल्या या ओळीच्या वर काय आहे?” त्यांनी विचारलं.

‘आपल्या’ ऐकून मी दाराकडे पाहिलं.

“वरचं मी छापलं नाही, सर. कागद वाया गेला असता.”

“आणि आपला पासवर्ड आता तरी बदललात का?”

तोही बदलला नव्हता. माझा पासवर्ड म्हणजे माझ्या मुलीचं नाव. बारशाचे पेढे सगळ्या स्टाफला मीच नेऊन दिले होते, नाव सांगून.  सरांनी प्रिंटर चालू केला आणि त्या दिवसाचा सबंध लॉग छापला. तो जुना करकरणारा प्रिंटर. सलग कागद बाहेर येत राहिला आणि सर तो हातावर घडी घेत राहिले, लुगड्याच्या दुकानातल्या माणसासारखे.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये सचिव, प्राचार्य, बाई, परीक्षा विभागात काम करणारा सचिवांचा भाचा, आणि मी. सर अर्थातच उभे. कागद टेबलावरून घरंगळत जमिनीपर्यंत गेला.

“हे अकराच्या पुढचं बघा,” सर म्हणाले. “लाइट गेली, सर्व्हर बंद. त्याच्या खालची वळ, तीच तारीख, रात्रीचे तीन. अकरा वाजून गेल्यावर त्याच तारखेची रात्र परत आली. कोणाच्या घड्याळात असं व्हते?”

“सर, टेक्निकल आम्हाला कळत नाही,” सचिव म्हणाले. “सरळ बोला.”

“सरळ बोलतो. त्या रात्री रामधननं दार उघडलं असंल, तर लई लोक आत आले. बाई, तुमी आलत्या. सेनगावहून. पासवर्ड बी एकदा चुकला तुमचा.”

“मी? रात्री तीनला?” बाई उभ्याच राहिल्या. “अहो, सासूबाईंच्या कानावर गेलं तर मला घरात घेतील का?”

“प्राचार्य सायेब, तुमी बी आलते. पावणेचारला, हिंगोलीहून.”

“मी साडेनवाला झोपतो,” प्राचार्य म्हणाले. “मला रक्तदाब आहे.”

“तेच म्हणून राहिलो मी. मग काहून आले?” मग सर माझ्याकडे वळले. “मालक, त्या दिवशी लाइट कधी आलती?”

“दुपारी.”

“घड्याळ कोणी लावलं?”

“मी.”

“किती लावलं?”

मी तीन म्हणालो तेव्हा आधी बाई हसल्या, मग प्राचार्य, मग सचिवसुद्धा. सगळ्यांनाच बरं वाटलं होतं. मीही हसलो, आपल्या मूर्खपणावर चारचौघांत हसायची मला लहानपणापासून सवय आहे. सर हसले नाहीत. हसणं संपेपर्यंत थांबले आणि म्हणाले, “म्हंजे रात्र नव्हती. दुपार होती. सगळे जागे होते. आता डोंगरकडा बघू.”

डोंगरकडा, म्हणजे परीक्षा विभागाचं मशीन. लॉग सांगत होता: भाचा स्वतःच्या नावानं आत. भाचा बाहेर. लगेच त्याच मशीनवरून माझ्या नावानं कोणीतरी आत. गुण बदलले. माझं नाव बाहेर. लगेच भाचा पुन्हा आत. सहा ओळी, एकाखाली एक. आणि त्या वेळी मी भज्यांच्या टपरीवर होतो हे खुद्द प्राचार्यांनी खिडकीतून पाहिलं होतं, तशी ताकीदही मला दिली होती.

भाचा छताकडे बघू लागला. व्यापाऱ्याचा मुलगा त्याचा दोस्त, दोघं एकाच मोटारसायकलवर फिरायचे, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

इथून पुढं जे झालं त्याचा मला सर्वांत जास्त राग आहे. रात्र होती तोवर गुन्हा होता, पोलीस होते, संस्थेची अब्रू होती. दुपार झाली आणि एकाएकी सगळे समंजस झाले. पोरगं आहे. वय आहे. लग्न ठरतंय. गुण दुरुस्त करू, विषय मिटवू. जी माणसं आठवड्यापूर्वी रामधनला तुरुंगात पाठवायला निघाली होती, तीच आता क्षमेवर बोलत होती, आणि इतकं सुंदर बोलत होती की कुठल्याही सप्ताहात प्रवचनाला बसवावं. रामधनचं नाव कोणी घेतलं नाही. सचिव म्हणाले, “अहवालात लिहून टाका, यंत्रातल्या बिघाडामुळे असं झालं.”

“यंत्रात बिघाड नव्हता,” सर म्हणाले. त्यांची शुद्ध मराठी सुरू झाली होती. “यंत्राला जे सांगितलं ते त्यानं लिहिलं. बिघाड या खोलीत आहे. आपण एका माणसाला रातोरात नव्हे, दिवसाढवळ्या चोर केलंत. त्याला लेखी पत्र द्या की त्याच्यावरचा आरोप खोटा होता. आणि जूनमध्ये कायम करायचं होतं, तेही त्यातच लिहा.”

“पत्राचं नंतर बघू.”

“मग माझ्या सहीचंही नंतर बघू.”

दुरुस्त यादी विद्यापीठाकडे जायची तर तिच्यावर सर्व्हर सांभाळणाऱ्याची सही लागत होती. मुदत संपत आली होती. सचिवांनी आधी समजावलं, मग संस्थेवरच्या निष्ठेबद्दल बोलले, मग दम भरला. सर खिडकीकडे तोंड करून डबा खात राहिले. प्राचार्य मला बाजूला घेऊन म्हणाले, तुम्ही सही करा. मी पेन काढलंसुद्धा. सर मागं न वळता म्हणाले, “मालक, हात आवरा.” मी पेन खिशात ठेवलं. माझ्या हातून त्या प्रकरणात झालेलं चांगलं काम एवढंच, आणि तेही दुसऱ्यानं सांगितल्यावर.

शेवटी पत्र निघालं. आरोप खोटा, जूनपासून सेवेत कायम, खाली सचिवांची सही. सरांनी ते स्वतः वाचून पाहिलं, एक शब्द बदलायला लावला, मग यादीवर सही केली. पत्र घेऊन ते सेनगावच्या बसमध्ये बसले आणि तांड्यावर जाऊन रामधनच्या हातात देऊन आले.

सरांची नेमणूक वर्षावर्षाची होती. जूनमध्ये ती वाढवली नाही. कारण विचारायलाही कोणी गेलं नाही, सरही नाही. ते कुंपणातून आले, आपला डबा आणि एक पेचकस पिशवीत टाकला आणि कुंपणातूनच गेले. मला म्हणाले, “रोज वाचत जा.” मी हो म्हणालो. पुढं ते कुठं गेले ते धड कळलं नाही. कोणी म्हणतं लातूर, कोणी म्हणतं पुणे.

भाच्याला परीक्षा विभागाचा प्रमुख केलं. त्याच्याकडे हुशारी आहे, ती योग्य मार्गाला लावली पाहिजे, असं सचिव सभेत म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

आणि सरांची जागा मला दिली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इतकी शिकलेली माणसं बाहेर रांगेत असताना संस्थेनं माझ्यावर विश्वास टाकला, म्हणून मी नवा शर्ट शिवला. रामधन परत कामावर आला तेव्हा मी त्याला मुद्दाम आत बोलावलं, बसायला सांगितलं. तो बसला नाही. मी म्हणालो, “झालं गेलं विसरा आता, रामधनभाऊ. सरांच्या जागेवर आता मी आहे. कायमचा. सगळ्यांना सोडून मलाच नेमलं त्यांनी.”

रामधननं चहाचा रिकामा कप उचलला, टेबल पुसलं आणि म्हणाला, “बराबर केलं त्यांनी. तुमी असल्यावर आता कोनाचंच काई सापडत न्हाई.”